पत्र रखडते कुठे?

टपालाच्या वर्गवारीचे काम यंत्रांकडे सोपवावे, हा प्रस्ताव काही आज जन्मलेला नाही. दर चार-सहा वर्षांनी कोणीतरी सुजाण, टापटिपीचा, बहुधा निवृत्त अभियंता असलेला नागरिक तो नव्याने मांडतो, खाते त्याला सूचनेची नोंद घेतल्याचे छापील उत्तर धाडते, आणि प्रस्ताव पुढच्या नागरिकाची वाट पाहत पडून राहतो. सध्या त्याच्या अंगावर कृत्रिम बुद्धिमत्तेचा नवा अंगरखा आला आहे. म्हणणे साधारण असे: हातातला मोबाइल दुकानाची पाटी वाचून तिचे भाषांतर करतो, मग पाकिटावरचा पत्ता यंत्राने का वाचू नये? प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी एक यंत्र बसवा, खणांत पत्रे टाकत बसलेल्या माणसांना मोकळे करा. पत्र दुसऱ्या दिवशी पोचेल, चुका थांबतील, पगार वाचेल.

ऐकायला हे इतके सरळ वाटते की विरोध करणारा आपोआप जुनाट ठरतो. तो धोका पत्करून मला या प्रस्तावाला कारणे देऊन 'नाही' म्हणायचे आहे. छापील उत्तर देऊन टाळण्यापेक्षा ते बरे.

टपालाबाहेरच्या माणसाला टपालातले काय कळते, हा युक्तिवाद मात्र मी करणार नाही. टपालाच्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल बाहेरच्या माणसानेच सुचवला होता. रोलंड हिल हा इंग्लंडमधला शाळा चालवलेला माणूस. त्याने १८३७ साली टपाल सुधारणेवर एक पुस्तिका काढली. तेव्हा पत्राचे मूल्य अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे आणि ते बहुधा पत्र घेणारा भरी. लांबचे पत्र महाग, कारण ते लांब न्यावे लागते, हे सगळ्यांनी गृहीत धरलेले होते. हिलने गृहीत न धरता हिशेब मांडला. लंडनहून एडिंबरोला एक पत्र वाहून न्यायला खर्च येतो पेनीचा छत्तिसावा भाग! मग पैसा जातो कुठे? प्रत्येक पत्राचा दर ठरवणाऱ्या, त्याची नोंद ठेवणाऱ्या कारकुनाच्या टेबलावर, आणि दारात पैशासाठी ताटकळणाऱ्या पोस्टमनच्या वेळात. यावरून उपाय आपसूक निघाला. अंतर विसरा, दर एकच ठेवा आणि तो आधीच भरून घ्या. पोस्टमास्टर जनरल लॉर्ड लिचफील्ड यांनी ही योजना वेडगळ ठरवली होती. पण १० जानेवारी १८४० रोजी पेनी पोस्ट सुरू झाले, आणि १८५४ साली हिंदुस्थानातही अंतर न पाहता पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा हा दर लागू झाला.

हिलला मी इथे बोलावले ते त्याच्या थोरवीसाठी नव्हे, त्याच्या पद्धतीसाठी. त्याने आधी मोजले आणि मग सुचवले. यंत्राचा प्रस्ताव मांडणाऱ्यांनी नेमकी हीच पायरी गाळली आहे. पत्र उशिरा येते हे त्यांना दिसते, सॉर्टिंग हाताने चालते हेही दिसते, आणि पहिल्याचे कारण दुसरे, असे ते धरून चालतात.

तर मोजून पाहू. देवरुखमधल्या एका पेटीत टाकलेले साधे पत्र साकोली तालुक्यातल्या खेड्यात जायचे आहे. पेटी दिवसातून एकदा उघडते असे धरा. ती उघडून गेल्यावर तासाभराने पत्र टाकले, तर जवळजवळ एक दिवस तिथेच गेला, आणि मध्ये रविवार आला तर दोन. मग पत्र पोस्टात येते, त्यावर मोहोर बसते, ते थैलीत जाते आणि थैली टपालगाडीची वाट पाहते. सॉर्टिंगच्या कार्यालयात ती उघडते, पत्र एका खणात पडते, त्या खणाची नवी थैली बांधली जाते आणि ती रेल्वेची किंवा ट्रकची वाट पाहते. नागपूरकडे पुन्हा हाच प्रकार. मग वाटप करणारे पोस्ट, तिथून शाखा डाकघराची दिवसातून एकदा जाणारी थैली, आणि शेवटी सायकलवरून किंवा पायी निघालेला ग्रामीण डाक सेवक. या सगळ्या प्रवासात पत्ता वाचून पत्र खणात टाकण्याची क्रिया चार-पाच वेळा होते. सावकाश हात धरा, दर वेळी चार सेकंद. म्हणजे वीस सेकंद. प्रवासाचे दिवस चार-पाच असतील, तर यंत्राने वाचवायचे ते हे वीस सेकंद.

इथे प्रस्तावक मला थांबवतील, आणि त्यांचे थांबवणे रास्त आहे. पत्र एकटे नसते, ढिगात असते. ढीग उपसायला तास लागतात आणि तळातले पत्र तेवढा वेळ पडून राहते. खरे आहे. पण त्यापुढची गोष्ट पाहा. थैल्या बांधल्या जातात त्या गाडीच्या वेळेनुसार. गाडी रात्री दहाची असेल आणि हाताने ढीग नऊला संपत असेल, तर यंत्राने तो सातला संपवून पत्राला काय मिळाले? पूर्वी एक तास थैलीत थांबत होते, आता तीन तास थांबेल. गाडीची वेळ बदलल्याशिवाय सॉर्टिंगचा वेग पत्रापर्यंत पोचतच नाही. यंत्राचा फायदा फक्त एका परिस्थितीत होतो: गाडी सुटायची वेळ झाली तरी ढीग शिल्लक आहे. राखीच्या आठवड्यात हे होते, आणि जिथे रिकाम्या जागा वर्षानुवर्षे भरल्या गेलेल्या नाहीत तिथेही होते. पैकी पहिल्यावर हंगामी माणसे घेणे आणि दुसऱ्यावर भरती करणे, हे कंटाळवाणे उपाय आहेत खरे. त्यांचे उद्घाटन करता येत नाही.

माझ्या शब्दावर विसंबायचे कारण नाही. स्पीड पोस्टाने काही पाठवले असेल तर त्याच्या प्रवासाच्या नोंदी वेळेसकट पाहता येतात: पत्र थैलीत गेले, थैली निघाली, पोचली, वाटपाला काढले. त्या ओळींमधली अंतरे मोजावीत. थैली बांधल्यापासून ती पुढच्या ठिकाणी उघडेपर्यंतचा वेळ किती आणि उघडल्यापासून पुन्हा बांधेपर्यंतचा किती, हे वहीत मांडून मग यंत्राची किंमत विचारावी.

आता शिकागो. यंत्राची बाजू घेणाऱ्यांचा हा हुकमी एक्का आहे आणि तो हलका नाही. ऑक्टोबर १९६६ मध्ये शिकागोचे अवाढव्य टपाल कार्यालय तुंबले, आणि जवळपास तीन आठवडे तिथले काम ठप्पच झाल्यासारखे होते. एक कोटीहून अधिक टपालवस्तू साचल्या. त्या धक्क्यातून अमेरिकेत टपालाच्या फेररचनेची चर्चा सुरू झाली आणि पुढे १९७० चा कायदा आला. हाताने काम करणारे टपाल कसे कोसळते, याचा हा दाखला म्हणून दिला जातो. पण शिकागोत जे तुंबले ते प्रचंड आणि सतत वाढत्या टपालामुळे. त्या काळी अमेरिकेचे टपाल वर्षाला साडेसात हजार कोटी वस्तूंच्या घरात होते. यंत्र हे वाढत्या ढिगावरचे औषध आहे. आपल्याकडचा ढीग उलट दिशेने चालला आहे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस भारतीय टपालाने दीड हजार कोटींवर वस्तू वर्षाला हाताळल्या, आणि पुढच्या दहा-अकरा वर्षांत ही संख्या निम्म्याच्याही खाली आली. स्मार्टफोन सर्वदूर पसरण्याच्या आधीची ही घसरण आहे. नंतरची निराळी सांगायला नको. आटत्या ओढ्यावर धरण बांधण्याचा हा प्रस्ताव आहे.

शिवाय प्रस्ताव असा मांडला जातो, जणू भारतात सॉर्टिंगचे यंत्र कोणी पाहिलेच नाही. मुंबईत ते १९९०च्या दशकातच आले, मग चेन्नईत, आणि २०१२च्या सुमारास दिल्ली व कोलकात्यात आणखी वेगवान यंत्रे बसली. या जातीचे यंत्र तासाला तीसेक हजार पत्रे लावते. महानगरात, जिथे बँका, विमा कंपन्या आणि सरकारी कार्यालयांचे टपाल एकाच ठिकाणी ओतले जाते, तिथे त्याला काम आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी काय होईल? एखाद्या जिल्ह्यात रोज वीस हजार पत्रे येतात असे उदारपणे धरले, तरी यंत्राचे काम चाळीस मिनिटांत संपते. उरलेले तेवीस तास वीस मिनिटे ते वातानुकूलित खोलीत झाकून ठेवायचे, देखभालीचा करार चालू ठेवायचा, आणि ते बंद पडले की तंत्रज्ञ मुंबईहून येईपर्यंत पुन्हा हातानेच पत्रे लावायची.

कोणी म्हणेल, मग जिल्ह्याला नको, चार-पाच जिल्ह्यांना मिळून एक ठेवा. इथे मूळ अडचण उघडी पडते. यंत्राला पोसण्यासाठी पत्रे लांबून गोळा करावी लागतात. देवरुखहून संगमेश्वरला जाणारे, म्हणजे एकाच तालुक्यातले पत्र आधी कोल्हापूर किंवा पनवेलला जाईल, यंत्रातून पार पडेल आणि घाट उतरून परत येईल. पत्र जलद लागावे म्हणून आणलेले यंत्र त्याचा प्रवास वाढवते.

हे भाकीत नाही, घडलेले आहे. ज्या अमेरिकेकडे बोट दाखवून हा प्रस्ताव मांडतात तिथे यंत्रे सुधारत गेली आणि टपाल घटत गेले, तशी सॉर्टिंगची केंद्रे एकात एक मिसळली गेली. २०१२पासून शंभराहून जास्त केंद्रांचे काम मोठ्या केंद्रांत हलवले. मग ५ जानेवारी २०१५पासून आपल्याच परिसरातले साधे पहिल्या वर्गाचे पत्र दुसऱ्या दिवशी पोचवण्याचे मानकच रद्द केले, कारण ते पत्र आता आपल्या परिसरात राहतच नव्हते. पुढे आणखी मोठी विभागीय केंद्रे काढली. व्हर्जिनियातल्या रिचमंडचे केंद्र २०२३ साली सुरू झाले आणि त्या भागातले वेळेवर पोचणारे टपाल झपाट्याने घटले. २०२४च्या आरंभी अटलांटाजवळच्या केंद्रात त्याहून वाईट झाले. केंद्राबाहेर ट्रकांच्या रांगा तासन् तास उभ्या राहिल्या आणि सिनेटमध्ये अधिकाऱ्यांना जाब द्यावा लागला. यंत्रांत खोट नव्हती, ती पत्रे मोजून देतच होती. पत्रे त्यांच्यापर्यंत पोचवणारी आणि तिथून काढणारी साखळी तुटली होती.

प्रस्तावाचा दुसरा खांब वाचनाचा. यंत्र पत्ता वाचेल. पण कोणता पत्ता? आज पेटीत आणि पोस्टाच्या खिडकीवर येणाऱ्या पत्रांचे दोन ढीग करता येतात. पहिल्यात बँकेचे कार्ड, विम्याची सूचना, आधार, पॅन, न्यायालयाचे समन्स, गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेची नोटीस, वर्गणीदारांना जाणारा दिवाळी अंक. दुसऱ्यात राखी, हाताने लिहिलेला अर्ज, म्हाताऱ्या आत्याचे पोस्टकार्ड. पहिला ढीग प्रचंड आहे, दुसरा चिमूटभर.

पहिल्या ढिगातला प्रत्येक पत्ता छापण्यापूर्वी कोणत्या तरी संगणकात असतो. बँकेच्या संगणकात लाखभर पत्ते पिनकोडसह बसलेले आहेत. ते तिथे वाटेल त्या क्रमाने लावता येतात, आणि तेही एका बटणावर. असे असताना ते अस्ताव्यस्त क्रमाने कागदावर छापायचे, पाकिटे ढिगाने पोस्टात टाकायची, आणि मग कोट्यवधी रुपयांच्या यंत्राच्या डोळ्याने ते कागदावरून पुन्हा संगणकात वाचून घ्यायचे, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? पाठवणाऱ्यालाच सांगा की पिननुसार गठ्ठे बांधून आण, सवलत देतो. अमेरिकेने आधीच वर्गवारी करून आणलेल्या पहिल्या वर्गाच्या टपालाला १९७६ साली अशी सवलत सुरू केली, आणि सॉर्टिंगचा मोठा भार टपालाच्या दारात येण्यापूर्वीच हलका झाला. ठोक टपालाच्या अशा योजना आपल्याकडेही आहेत. त्या वाढवायला, त्यांचे दर आकर्षक करायला निविदा काढावी लागत नाही. स्वयंचलन हवेच असेल तर ते पाठवणाऱ्याच्या संगणकात आधीपासून बसलेले आहे.

उरला दुसरा ढीग, हाताने लिहिलेला. तिथे यंत्र वाचू शकत नाही असे मी म्हणत नाही. हस्ताक्षर वाचणाऱ्या संगणकाच्या इतिहासात टपालाचा मोठा वाटा आहे. बेल लॅब्समध्ये १९८९च्या सुमारास यान लकून आणि सहकाऱ्यांनी ज्या आकड्यांवर आपले न्यूरल नेटवर्क शिकवले, ते न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या टपालातून गेलेल्या पाकिटांवरचे झिपकोड होते. आज गाजणाऱ्या तंत्राची एक जुनी शाळा म्हणजे पोस्टाची पाकिटेच. त्या काळी नऊ-दहा टक्के आकडे वाचता येत नाहीत म्हणून बाजूला काढल्यावर उरलेल्यांत साधारण एक टक्का चूक राही. एक टक्का म्हणजे काहीच नाही असे वाटते. पण एकेक आकडा शंभरात नव्याण्णव वेळा बरोबर आला, तर सहा आकड्यांचा पूर्ण पिन शंभरात चौऱ्याण्णव वेळाच बरोबर येतो. आजची यंत्रे याहून कितीतरी चांगली आहेत, मान्य. तरीही एकाच लिपीत, ठरलेल्या घडणीचे पत्ते लिहिणाऱ्या अमेरिकेला १९९०च्या दशकात अडलेल्या पाकिटांची चित्रे दूरवर पाठवून माणसांकडून वाचून घ्यावी लागली. अशी केंद्रे एका वेळी पंचावन्न होती. यंत्र सुधारत गेले तशी ती मिटत गेली. पण सॉल्ट लेक सिटीत असे केंद्र अजून चालते, आणि पडद्यावरचे पत्ते वाचणारी माणसे तिथे पाळ्यांमध्ये बसतात.

आपल्या पाकिटावर मराठी, कानडी, तमिळ, उर्दू, इंग्रजी यांपैकी काहीही असू शकते, आणि एकाच पत्त्यात दोनही. 'मु.' पुढे एक गाव, 'पो.' पुढे दुसरे, ता. आणि जि. एकमेकांत मिसळलेले, वडगाव कोणते ते खुर्द की बुद्रुक यावर अवलंबून, आणि तो शब्द 'बु.' असा टिंबाएवढा लिहिलेला. अनुभवी सॉर्टर ते वाचत नाही, ओळखतो. एखाद्या आडनावावरून आणि पोस्टाच्या नावावरून तो सांगतो की पिन चुकला आहे, हे पत्र इकडचे नाही. यंत्र चुकलेला पिन अचूक वाचेल आणि पत्र अचूकपणे चुकीच्या जिल्ह्यात पाठवेल.

आणि पिन बरोबर असला तरी यंत्राचे काम कुठवर जाते? देशात पोस्ट कार्यालये सुमारे एक लाख पासष्ट हजार, पिनकोड एकोणीस हजारांच्या आसपास. एका पिनखाली सरासरी आठ-नऊ कार्यालये येतात. शाखा डाकघरांना स्वतंत्र पिन नसतो. म्हणजे पिन वाचून यंत्र पत्र तालुक्याच्या तोंडाशी आणून सोडेल. पुढे कोणत्या शाखेचे, त्या शाखेत कोणत्या वाडीचे, वाडीत कोणत्या घराचे, हे हातानेच. अमेरिकेचे यंत्र पत्रे थेट पोस्टमनच्या चालण्याच्या क्रमाने लावून देते ते त्याच्या डोळ्याच्या जोरावर नव्हे. तिथल्या प्रत्येक घराचा क्रमांक एका अद्ययावत यादीत आहे म्हणून. आपल्या घराचा पत्ता 'मारुतीच्या देवळामागे, पिठाच्या गिरणीशेजारी' असतो. तो पोस्टमनला पुरतो, यंत्राला पुरत नाही.

आता डिजिपिन आला आहे ना, असे कोणी म्हणेलच. मे २०२५ मध्ये टपाल खात्याने तो खुला केला. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या मदतीने देशाच्या नकाशाचे साधारण चार मीटर गुणिले चार मीटरचे चौकोन पाडले आणि प्रत्येकाला दहा अक्षर-आकड्यांचा संकेत दिला. कल्पना चांगली आहे, रुग्णवाहिकेला तर फारच. पण दहा मजली इमारतीत एकावर एक असलेली दहा घरे त्याच एका चौकोनात येतात, आणि राखीच्या पाकिटावर दहा अक्षरांचा संकेत लिहिणारी बहीण मला तरी माहीत नाही. तो ज्याच्या संगणकात पत्ते आहेत त्याच्या उपयोगाचा आहे. म्हणजे पुन्हा पहिलाच ढीग.

पिनचीच गोष्ट निघाली आहे तर ती पुरी करू, कारण प्रस्तावकांनी ती वाचलेली असावी असे दिसत नाही. पिनकोड योजना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. ते टपाल-तार मंडळाचे ज्येष्ठ सदस्य, आणि त्याच वेळी संस्कृतात नाटके आणि काव्ये लिहिणारे पंडित. १५ ऑगस्ट १९७२ रोजी योजना सुरू झाली. अडचण तीच होती जी आज सांगतात: एकाच नावाची गावे, न वाचता येणाऱ्या लिप्या, गचाळ अक्षर. उपाय म्हणून त्यांनी परदेशी यंत्राची मागणी केली नाही. देशाचे आठ प्रादेशिक विभाग, नववा सैन्याच्या टपालासाठी. पहिल्या तीन आकड्यांत विभाग, उपविभाग आणि सॉर्टिंगचा जिल्हा, पुढच्या तिनांत वाटपाचे पोस्ट. तमिळ न येणारा नाशिकचा सॉर्टर कोइमतूरचे पत्र क्षणात लावू शकेल, हे त्या सहा आकड्यांनी घडवले. भारतातल्या टपालाच्या वर्गवारीत झालेली सर्वांत मोठी सुधारणा हीच, आणि तिला एकही मोटार लागली नाही.

जपानचे उदाहरण मला हमखास ऐकवले जाते. तोशिबाने हाताने लिहिलेले आकडे वाचणारे सॉर्टिंग यंत्र १९६७ साली बनवले, हे खरे. पण जुलै १९६८ मध्ये तिथे टपाल संकेतांकही आला, आणि पाकिटांवर व कार्डांवर त्याच्यासाठी लाल चौकटी छापल्या गेल्या. लोक त्या चौकटींत सुबक आकडे लिहू लागले. यंत्र चालले ते त्यामुळे. आपल्या पोस्टकार्डावर आणि आंतरदेशीय पत्रावरही सहा चौकटी छापलेल्या असतात. त्या किती वेळा कोऱ्या असतात ते पोस्टमनला विचारावे. तालुक्याचाच पिन सगळ्या गावांना लावून मोकळे होण्याची सवय तर सरकारी कार्यालयांनाही आहे. अर्जाच्या नमुन्यात पिनचा रकाना चुकीचा भरला तर अर्ज परत करणारे कार्यालय आपल्या पाकिटावर मात्र पिनच लिहीत नाही, हा विनोद मी फुकट सोडणार नाही.

पगाराच्या बचतीबद्दल थोडक्यात. टपालाचा खर्च खणांपुढे बसलेल्या माणसांवर कमी आणि दारोदार फिरणाऱ्यांवर जास्त होतो. यंत्र दारोदार फिरत नाही. जिथे यंत्रे आली तिथेही माणसे सरसकट गेली नाहीत. कॅनडात १९७०च्या दशकात टपाल संकेतांक आणि यंत्रे आली तेव्हा पूर्वीच्या सॉर्टरच्या जागी कमी पगारावर कळफलक दाबणारी माणसे बसवण्याचा घाट घातला गेला. संघटनेने संप केले आणि संकेतांकावर बहिष्कार पुकारला. यंत्राचा फायदा कोणाच्या खिशात जायचा, यावर ते भांडण होते. आपल्या प्रस्तावात या प्रश्नाला एक ओळही नाही.

मग यंत्राला कुठेच जागा नाही का? आहे, आणि ती पार्सलांत आहे. तिथे ढीग वाढतो आहे, वस्तू जड आहेत, आकार वेडेवाकडे आहेत, माणसाची कंबर मोडते. शिवाय त्यांच्यावर बारकोड असतो आणि पिन खिडकीवरच संगणकात टंकलेला असतो, म्हणजे यंत्राला हस्ताक्षर वाचायचेच नसते. नोंदणीकृत टपालही सप्टेंबर २०२५मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले, तेव्हा ज्या पत्राचा माग ठेवायचा ते सगळे एकाच बारकोडवाल्या ओळीत आले. तिथे सरकते पट्टे, वाचक यंत्रे, वजनाचे काटे, जे लागेल ते घ्यावे. हे करायला माझा विरोध नाही. प्रस्तावात मात्र पार्सल हा शब्दसुद्धा नसतो. प्रस्तावकांच्या डोळ्यांपुढे निळे आंतरदेशीय पत्रच असते.

आणि डेन्मार्क विसरू नये. यंत्रांत, संगणकात, शिस्तीत कशातही कमी नसलेला देश. १६२४ साली सुरू झालेल्या तिथल्या सरकारी टपालाने २०२५च्या अखेरीस पत्रे वाटणेच बंद केले. पंचवीस वर्षांत पत्रे नव्वद टक्क्यांनी घटली होती. जलद सॉर्टिंगने पत्र वाचले असते तर ते तिथे वाचायला हवे होते.

साध्या पत्राला वेळेवर पोचवायचे असेल तर मागण्या वेगळ्या कराव्या लागतील. पेटीवर उघडण्याची वेळ लिहिलेली असावी आणि पेटी त्या वेळी खरोखर उघडावी. थैली कुठे किती तास थांबली, याचे आकडे खात्याकडे स्पीड पोस्टपुरते तरी रोज जमा होतात. ते केंद्रवार जाहीर करावेत. गाड्यांच्या वेळा थैलीच्या सोयीने ठरवाव्यात. सॉर्टरच्या रिकाम्या जागा भराव्यात. शाखा डाकघरांना पिनचे उपसंकेत द्यावेत, म्हणजे तालुक्याच्या तोंडाशी अडणारे पत्र पुढच्या टप्प्यावर ओळखता येईल. ठोक टपाल पाठवणाऱ्यांना गठ्ठे बांधून आणण्याची सक्ती नाही तरी लालूच दाखवावी. यातल्या एकाही मागणीचे छायाचित्र वर्तमानपत्रात येणार नाही. पण पुढच्या वेळी कोणी यंत्राचा प्रस्ताव खात्याकडे धाडेल, तेव्हा त्याने आपल्या जिल्ह्यातल्या एका सॉर्टिंग कार्यालयात गाडी सुटण्याच्या वेळी किती पत्रे खणांबाहेर शिल्लक राहतात, हा एक आकडा त्याला जोडावा. तो आकडा मोठा निघाला, तर यंत्राबद्दल मी पुन्हा बोलायला तयार आहे.